कंसातला हशा

११ डिसेंबर १९४६. दिल्लीत घटना परिषदेचा तिसरा दिवस. डॉ. राजेंद्रप्रसाद यांची कायम अध्यक्ष म्हणून निवड झाली होती आणि त्यांच्या अभिनंदनाची भाषणं चालली होती. तात्पुरते अध्यक्ष होते सच्चिदानंद सिन्हा, वय पंचाहत्तर. एकामागून एक गंभीर भाषणं झाल्यावर सिन्हांनी सरोजिनी नायडूंचं नाव पुकारलं, पण साधेपणानं नव्हे. ‘बुलबुल-ए-हिंद’नी आता गद्यात न बोलता पद्यात बोलावं, असं ते म्हणाले. नायडू उठल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या : अध्यक्षमहाराज, आपण मला बोलावण्याची ही रीत काही घटनात्मक नाही. सिन्हांनी लगेच दटावलं, अध्यक्षपदावर टीकाटिप्पणी नको. कार्यवृत्तात यापुढे कंस उघडतो आणि त्यात एकच शब्द आहे : (हशा).

देशाला अजून घटना नाही, आणि ती लिहायला बसलेल्या सभेत तिसऱ्याच दिवशी एक बाई अध्यक्षांना घटनाबाह्य ठरवते! विनोद छोटा आहे, पण नेमक्या जागी बसलेला. त्याच भाषणात नायडूंनी राजेंद्रबाबूंविषयी सांगितलं, की त्यांच्यावर एक ओळ लिहायची तरी हातात सोन्याची लेखणी हवी आणि ती मधाच्या भांड्यात बुडवायला हवी. हे सगळं एका लघुलेखकानं साध्या लेखणीनं, साध्या शाईत टिपून घेतलं.

या प्रकरणाचा नायक खरं तर तो लघुलेखक आहे. सभागृहाच्या मधोमध, पुढाऱ्यांच्या पायाशी तो बसतो. काही मिनिटांची पाळी संपली की उठून जातो, दुसरा येतो. अर्थमंत्र्यांचे आकडे आणि मागच्या बाकावरून आलेला टोमणा तो सारख्याच तत्परतेनं लिहितो. भाषणात काय महत्त्वाचं आणि काय फालतू हे ठरवायचा अधिकार त्याला नाही. म्हणून तर कार्यवृत्ताचे जाडजूड खंड वाचनीय होतात. इतिहासकार जे गाळतो ते तिथं शाबूत असतं. आपल्याकडं जुन्या व्याख्यानांच्या वृत्तान्तांत ‘(हशा व टाळ्या)’ असं छापायची पद्धत होती, तीच ही. फरक एवढाच, की व्याख्याता हशा मिळवायला आलेला असतो आणि सभासद बहुतेक वेळा इतर काही तरी मिळवायला.

संसदेतलं बोलणं जसंच्या तसं छापण्याची ही रीत ब्रिटिशांकडून आली. पण त्यांच्याकडेही ती सुखासुखी आली नाही. १७३८ मध्ये तिथल्या हाउस ऑफ कॉमन्सनं ठराव केला, की सभागृहातल्या चर्चा बाहेर छापणं हा हक्कभंग आहे. ‘जंटलमन्स मॅगझिन’चा मालक एडवर्ड केव्ह मोठा खटपट्या. त्यानं पळवाट काढली. ‘गलिव्हर’ची गोष्ट येऊन बारा वर्षं झाली होती. केव्हनं आपल्या मासिकात त्या गोष्टीतल्या लिलिपुट देशाच्या संसदेतल्या चर्चा छापायला सुरुवात केली. बुटक्यांच्या त्या काल्पनिक देशातल्या पुढाऱ्यांची नावं म्हणजे खऱ्या नावांची मोडतोड. मासिक विकत घेणाऱ्या प्रत्येकाला कोण कोण ते बरोबर कळायचं.

१७४१ पासून दोन-अडीच वर्षं या चर्चा लिहून देण्याचं काम एका गरजू तरुण लेखकाकडं होतं. त्याचं नाव सॅम्युअल जॉन्सन. तो पुढं इंग्रजीचा मोठा कोशकार झाला. हा गृहस्थ संसदेच्या गॅलरीत फिरकायचाच नाही. कोण बोललं, कोणत्या बाजूनं बोललं एवढे त्रोटक कागद त्याच्याकडं यायचे आणि बाकीचं वक्तृत्व तो घरी बसून तयार करायचा. बऱ्याच वर्षांनी एका मेजवानीत कुणी तरी पिट या संसदपटूच्या एका भाषणाची तारीफ करत होतं, अगदी ग्रीक वक्त्या डिमॉस्थेनिसलाही मागं टाकलं म्हणून. जॉन्सननं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ते भाषण मी एक्सेटर स्ट्रीटवरच्या माळ्यावर बसून लिहिलं आहे. मंडळी थक्क झाली. मग कुणी तरी म्हणालं, पण दोन्ही पक्षांना तुम्ही सारखा न्याय दिलात हो! त्यावर त्याचं उत्तर असं, की दिसायला तसं दिसेल याची काळजी घेतली खरी, पण व्हिग पक्षाच्या कुत्र्यांची सरशी होऊ दिली नाही. पुढं त्याला या उद्योगाचा पस्तावा झाला, कारण लोक ती भाषणं अस्सल समजत होते. पुढच्या शतकाच्या आरंभी विल्यम कॉबेटनं सुरू केलेलं चर्चांचं प्रकाशन टॉमस हॅन्सर्ड या मुद्रकाच्या हाती आलं, आणि त्याच्या आडनावावरून राष्ट्रकुलातल्या कित्येक देशांत संसदेच्या कार्यवृत्ताला ‘हॅन्सर्ड’च म्हणतात.

आपल्या घटना परिषदेचं कार्यवृत्त मात्र माळ्यावर लिहिलेलं नाही, याचा पुरावा त्याच्या तिढ्यांतच आहे. इतकं अवघडलेलं कुणी रचून लिहिणार नाही.

१० डिसेंबर १९४६ चंच घ्या. झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर कामकाजाच्या नियमांबद्दल एक दुरुस्ती मांडायला उठले आणि हिंदुस्थानीत बोलू लागले. नावावरून ओळखू येतंच, घराणं मराठी. झाशीचं पाणी प्यालेलं. अध्यक्षांनी विचारलं, आपल्याला इंग्रजी येत नाही का? येतं, पण मी हिंदुस्थानीतच बोलणार. अध्यक्ष म्हणाले, इथं राजगोपालाचारींसारख्या अनेकांना हिंदुस्थानी कळत नाही. त्यावर धुळेकरांनी सुनावलं, की ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना हिंदुस्थानात राहायचा हक्क नाही. घटना बनवायला आलेल्यांना ती येत नसेल तर ते या सभेचे सभासद व्हायला लायक नाहीत, त्यांनी चालू लागावं. सभेत गडबड उडाली. आता गंमत पाहा. धुळेकरांचं हे रणशिंग इंग्रजी खंडांत आपण वाचतो ते इंग्रजी भाषांतरात.

तीन वर्षांनी, सप्टेंबर १९४९ मध्ये, भाषेचा प्रश्न पुन्हा आला, तेव्हा सगळ्यात जास्त भांडण झालं ते अंकांवर. हिंदी देवनागरीत लिहायची हे ठरलं. पण आकडे देवनागरी की जगभर चालतात ते? दाक्षिणात्य सभासद दुसऱ्या बाजूला. अखेर जो शब्दप्रयोग घटनेच्या ३४३ व्या कलमात बसला त्याला मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणावं लागेल : ‘भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप’. आकडे मूळचे आपलेच, जरा परदेशी जाऊन आलेत इतकंच! ज्यांना हवे होते त्यांना आकडे मिळाले, ज्यांना नको होते त्यांना विशेषण मिळालं.

या खंडांत माझा आवडता माणूस म्हणजे हरी विष्णू कामत. आयसीएस सोडून सुभाषबाबूंच्या मागं गेलेला, मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेला हा सभासद. हरकतीचा मुद्दा त्यांच्या खिशात कायम तयार असे. १८ सप्टेंबर १९४९ ला पहिल्या कलमावर चर्चा होती, देशाचं नाव काय हा विषय. मसुद्यात होतं ‘इंडिया, म्हणजेच भारत’. कामतांना ही शब्दरचना बोजड वाटली. त्यांनी सुरुवात केली ती थेट बारशापासून. बाळ जन्माला आलं की त्याचं नामकरण करायची चाल जगभर आहे, आता आपलं प्रजासत्ताक जन्माला येतंय, तर त्याचं नाव काय ठेवायचं? भारत, हिंदुस्थान, हिंद, भारतभूमी, भारतवर्ष... पाळण्याच्या दोऱ्या धरून बसावं तशी एकेक नावं त्यांनी पुढं केली. मग आयर्लंडच्या घटनेचा दाखला देऊन म्हणाले, तिथं देशाचं नाव ‘एरे, किंवा इंग्रजी भाषेत आयर्लंड’ असं आहे, तसंच आपणही ‘भारत, किंवा इंग्रजी भाषेत इंडिया’ म्हणू या. पुढं ते ‘भारत’ शब्दाच्या व्युत्पत्तीत शिरले.

तिथं डॉ. आंबेडकरांचा धीर सुटला. हे सगळं खणून काढायची गरज आहे का, दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ते मनोरंजक ठरेल, सभेकडं वेळ थोडा आहे, काही तरी तारतम्य हवं, असं ते म्हणाले. कामतांनी उलट सुनावलं, सभेच्या कामकाजाचं नियंत्रण करणं हे डॉ. आंबेडकरांचं काम नसावं अशी माझी आशा आहे. राजेंद्रबाबू अध्यक्षस्थानी. थोड्या वेळानं कमलापती त्रिपाठी उठले आणि भारताचं प्राचीन वैभव उलगडू लागले. आंबेडकरांनी पुन्हा विचारलं, याची आवश्यकता आहे का, पुष्कळ काम पडलंय. बारशाला आलेल्या नातेवाइकांनी मानापमानावरून दुपार उलटवावी आणि बाळाच्या बापाला कचेरी गाठायची असावी, तशी ही दोन-तीन पानं वाचताना वाटतात. हात वर करून मतं मोजली. कामतांच्या बाजूनं ३८, विरुद्ध ५१. आपल्या देशाचं नाव आज घटनेत ज्या क्रमानं आहे तो तेरा मतांनी ठरलेला आहे.

कामत एका महिन्यानं परत आले, आणि या वेळी देवाला घेऊन. १७ ऑक्टोबर १९४९ ला उद्देशिका चर्चेला होती. तिची सुरुवात ‘ईश्वराच्या नावानं’ अशा शब्दांनी व्हावी ही त्यांची दुरुस्ती. दुरुस्ती मांडून ते बसतात न बसतात तोच आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले. ते कामाख्येच्या मुलखातले. ईश्वराच्या नावानं म्हणता, मग ईश्वरीचं काय? आम्ही शक्तीचे उपासक, देवीला डावलून नुसत्या देवाचं नाव घ्यायला आमचा विरोध आहे. देव आणायचाच तर देवीही आणा. (चौधरींची ही बाजू जरा गमतीदारच. याच सभेत त्यांनी एकदा तक्रार केली होती, की बायका प्रत्येक क्षेत्रात आम्हाला कोपरानं ढकलून बाहेर काढताहेत, पुरुषांना त्यांच्यापासून संरक्षण देण्याची तरतूद मसुद्यात नाही. देवीचा पक्ष घेणारा हाच गृहस्थ!)

त्याच दिवशी मौलाना हसरत मोहानींनी आपली दुरुस्ती आणली : देशाला ‘भारतीय समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ’ म्हणा, सोव्हिएत संघाच्या धर्तीवर. नियमात बसत नाही म्हणून ओरड झाली. मौलाना शांतपणे म्हणाले, जाऊन सोव्हिएत संघात विलीन व्हा असं मी म्हटलेलं नाही.

देवाच्या दुरुस्तीवर वातावरण अवघडलं ते वेगळ्या कारणानं. विरोध करणारे नास्तिक नव्हते. हृदयनाथ कुंझरूंचं म्हणणं, श्रद्धा ही ज्याची त्याची, ती सगळ्यांवर सामुदायिकपणे कशी लादायची? पट्टम थाणू पिल्लै म्हणाले, मानावं की न मानावं हा माणसाचा हक्क आहे. आणि पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना कळवळून विनवलं, देवावर मतदान करण्याच्या संकटात आम्हाला टाकू नका. हे एक वाक्य वाचलं की त्या दालनातले चेहरे डोळ्यांसमोर येतात. हात वर करावा तरी पंचाईत, न करावा तरी पंचाईत. घरी जाऊन संध्याकाळी देवापुढं निरांजन लावायचं आहेच.

कामतांनी ऐकलं नाही. त्यांनी मतविभागणी मागितली. बाजूनं ४१, विरुद्ध ६८. देव सत्तावीस मतांनी पडला. कामत उठून म्हणाले, हा आपल्या इतिहासातला काळा दिवस आहे, देवच भारताचं रक्षण करो. मतदानात हरलेल्या देवावरच पुन्हा जबाबदारी टाकून ते खाली बसले.

या मंडळींनी मसुदा समितीला किती छळलं असेल याची कल्पना आकड्यांवरून येते. ७,६३५ दुरुस्त्या सादर झाल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. पश्चिम बंगालचे नझीरुद्दीन अहमद तर स्वल्पविरामांसाठी प्रसिद्ध होते. इथला स्वल्पविराम काढा, तिथं घाला, हा शब्द त्या शब्दाऐवजी. थट्टा होई, पण ते हटत नसत. मसुदा समितीला म्हणजे ‘ड्राफ्टिंग कमिटी’ला त्यांनी नाव ठेवलं ‘ड्रिफ्टिंग कमिटी’, प्रवाहाबरोबर वाहवत जाणारी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात आंबेडकरांनी ही उधारी चुकवली. आपला नेम लागला म्हणून नझीरुद्दीन खूश असतील, पण ताबा सुटून वाहवणं आणि ताबा ठेवून वाहणं यांतला फरक त्यांना ठाऊक दिसत नाही. समिती काही मासा लागला तर लागला म्हणून गळ टाकून बसलेली नव्हती. जो मासा हवा तो ती ओळखीच्या पाण्यात शोधत होती. लोक त्या भाषणातली लोकशाहीच्या भवितव्यावरची वाक्यं लक्षात ठेवतात, ते योग्यच. पण हा मासाही त्याच भाषणातला.

त्याच भाषणात त्यांनी बंडखोरांचे आभारही मानले. सगळे सभासद पक्षशिस्तीत राहिले असते तर हे कामकाज फार नीरस झालं असतं, असं सांगून त्यांनी नावं घेतली. पहिलं नाव कामतांचं. दुसरं आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख.

दारूबंदीच्या चर्चेत एक कोल्हापूरकर भेटतात. नोव्हेंबर १९४८. दारूबंदी मार्गदर्शक तत्त्वांत घालायला जवळजवळ सगळी सभा तयार, कारण गांधीजींचं नाव पाठीशी. तिथं प्राध्यापक बी. एच. खर्डेकर उठले आणि विरोधात बोलले. गांधीजी जाऊन वर्ष झालेलं नसताना हे बोलायला छाती लागते. उत्तर द्यायला मुंबईचे पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्यांना हेच म्हणत) बाळासाहेब खेर. विरोधातला दुसरा आवाज जयपालसिंग मुंडांचा, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या हॉकी संघाचे कप्तान. त्यांचं म्हणणं, तांदळाची दारू ही आदिवासींच्या धर्माचा भाग आहे, आणि संथाळाला ती दिली नाही तर बंगालात भाताची लावणीच होणार नाही. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकणाऱ्याला दारूवर प्रवचन देऊन बघा, असा त्याचा अर्थ.

कार्यवृत्तात जे असतं त्याच्याइतकीच मौज जे काढून टाकलं त्याचीही असते. लोकसभेच्या ३८० व्या नियमानं अध्यक्षांना असभ्य, बदनामीकारक, असंसदीय शब्द वगळता येतात. ३८१ वा नियम सांगतो की वगळलेल्या जागी फुल्या छापायच्या आणि तळटीप द्यायची, ‘अध्यक्षांच्या आदेशानुसार वगळले’. पानभर शांत मजकुराच्या मध्ये तीन फुल्या दिसल्या की डोळा आधी तिथंच जातो. पूर्वी कल्पना तरी लढवावी लागे. आता थेट प्रक्षेपण झाल्यानंतर फुली म्हणजे साऱ्या गावानं ऐकलेल्या शिवीवर घातलेला बुरखा.

वगळलेल्या शब्दांची लोकसभा सचिवालय यादी ठेवतं. २००४ ची आवृत्ती नऊशे पानांची आहे. २०२२ च्या यादीत ‘जुमलाजीवी’, ‘बालबुद्धी’ आणि चक्क ‘ड्रामा’ दिसल्यावर गदारोळ झाला, तेव्हा अध्यक्ष ओम बिर्लांना सांगावं लागलं, की कोणत्याही शब्दावर बंदी नाही, हा नुसता संग्रह आहे. पण या यादीची खरी शिकार झाले ते नाशिकचे तेव्हाचे खासदार हेमंत गोडसे. जुन्या निर्णयांवरून ‘गोडसे’ हा शब्दच असंसदीय ठरलेला होता. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यसभेत पीठासीन अधिकाऱ्यांनी तसा पुकाराही केला. आता आडनावच असंसदीय असलेल्या खासदारानं संसदेत बसायचं कसं? त्यांनी पत्रं लिहिली. २०१५ मध्ये लोकसभेच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन, माहेर चिपळूणचं, त्यांनी निकाल दिला : नथुराम गोडसे हे नाव असंसदीय, नुसतं गोडसे हे नाही. कोकणात माहेर असलेल्या बाईंना आडनावांचा गुंता समजावून सांगावा लागला नसेल.

न्यूझीलंडची संसद या बाबतीत जास्त मोकळी. तिथले जुने असंसदीय ठरलेले शब्दप्रयोग वाचायला मिळतात आणि त्यांत शिवी कमी, कल्पकता जास्त. १९४९ मध्ये एका सभासदाबद्दल कुणी म्हटलं होतं, की याचा मेंदू शेंगदाण्याच्या टरफलात हजार वर्षं फिरत राहिला तरी कडेला लागणार नाही. १९६३ मध्ये दुसऱ्याच्या उत्साहाची तुलना झाली ती अंत्ययात्रेहून घरी निघालेल्या दमलेल्या गोगलगायीशी. वगळून टाकण्यापेक्षा पारितोषिक द्यावं अशी ही वाक्यं. आयर्लंडमध्ये २००९ च्या डिसेंबरात एका सभासदानं, अत्यंत असंसदीय भाषेत बोलतोय असं आधीच सांगून, दुसऱ्याला इंग्रजीतली सगळ्यात प्रसिद्ध शिवी दिली. नंतर तपासलं तेव्हा कळलं, निषिद्ध शब्दांच्या तिथल्या यादीत ती नव्हतीच. यादी करणाऱ्यांना तशी वेळ येईल असं वाटलं नसावं.

लघुलेखक कान आहे, डोळा नाही. म्हणून काही किस्से लोकांच्या तोंडीच राहतात. अक्साई चीनमध्ये गवताचं पातंही उगवत नाही असं नेहरू म्हणाले, तेव्हा खासदार महावीर त्यागींनी आपल्या टकलाकडं बोट दाखवलं आणि इथंही काही उगवत नाही, मग हेही देऊन टाकायचं का, असं विचारलं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली. तिचा जीव त्या बोटात आहे, आणि बोट लघुलिपीत येत नाही. पिलू मोदींचंही तसंच. मुंबईचा हा अवाढव्य पारशी वास्तुविशारद सत्ताधाऱ्यांच्या संशयाला उत्तर म्हणून ‘मी सीआयएचा हस्तक आहे’ असा फलक अंगावर लावून संसदेत आला होता. अध्यक्षांकडं पाठ केल्याची तक्रार झाली तेव्हा, मी गोल आहे, मला पाठ-पोट नाही, असं ते म्हणाले म्हणून सांगतात. खरं असो वा नसो, त्यांचा फोटो पाहिलेल्याला पुरावा लागत नाही. आचार्य अत्र्यांच्या नावावर खपणारे विधानसभेतले किस्से मात्र मी इथं मुद्दाम घेतलेले नाहीत. एकच किस्सा तीन गावांत तीन वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांना लावलेला ऐकला आहे.

डोळ्यांनीच बघायचा आणखी एक प्रकार ब्रिटनमध्ये होता. मतदान चालू असताना हरकतीचा मुद्दा मांडायचा तर सभासदानं बसून, डोक्यावर टोपी घालून बोलायचं, असा नियम. टोप्या वापरणं बंद झाल्यावर सभागृहात एक घडीची उंच हॅट ठेवलेली असे. संतापलेला माणूस ती हातोहात मागवून घेई, उघडून डोक्यावर चढवी आणि मग संताप व्यक्त करी. १९९८ मध्ये ही पद्धत बंद केली. सरकारला वाचवणाऱ्या युक्त्यांत हॅटचा क्रमांक वरचा असणार, कारण ती घातल्यावर कुणाचाही राग फार वेळ टिकत नसेल.

आपल्याकडं हॅटचं काम शेर करतो. मार्च २०१३ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लोकसभेत गालिबचा शेर म्हटला, तेव्हा सुषमा स्वराज यांनी सांगितलं, की शायरीचा रिवाज आहे, शेर उधार ठेवायचा नसतो. आणि त्यांनी एकाच्या बदल्यात दोन परत केले. व्याजासकट.

१९ जून २०१९ ला ओम बिर्ला लोकसभेचे अध्यक्ष निवडले गेले. अभिनंदनाची भाषणं चालू. घटना परिषदेतल्या त्या तिसऱ्या दिवसासारखाच प्रसंग. बोलायला उठले रामदास आठवले, आणि त्यांना पद्यात बोला म्हणून कुणी सांगण्याची गरज नव्हती. स्वतःच जुळवलेली यमकं त्यांनी सुरू केली तशी दोन्ही बाजूंची बाकं हलू लागली. मग गद्यात येऊन राहुल गांधींकडं वळून म्हणाले, तुमची सत्ता होती तेव्हा मी तुमच्याबरोबर होतो. निवडणुकीआधी तुमची माणसं मला बोलवायला आली होती, पण वारा कुठल्या दिशेला वाहतोय ते मी पाहिलं. पंतप्रधान हसले, सोनिया गांधी हसल्या, राहुल गांधीही हसले, आणि प्रक्षेपणात ते सगळे चेहरे दिसले. मधल्या मेजाशी बसलेला लघुलेखक तेवढा खाली मान घालून लिहीत होता.